तार कुठे तुटली?

दळणवळणाच्या इतिहासावरच्या या मालिकेत आज आपण एका मोटारीच्या बॉनेटखाली जाणार आहोत. तिथे पोहोचायला थोडा वळसा आहे. आधी हुगळीकाठची एक बाग, मग १८५७ची दिल्ली, पुन्हा कोलकाता आणि मग बॉनेट. वाट वाकडी वाटेल, पण तार एकच आहे.

हल्लीच्या गाडीला मेकॅनिक स्कॅनर लावतो तेव्हा त्यावर कधी कधी एक खूण उमटते : यू ०१००. अर्थ असा की इंजिन कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटला. हे मॉड्यूल म्हणजे वहीएवढा ॲल्युमिनियमचा खोका. इंजिनात किती इंधन सोडायचं आणि ठिणगी केव्हा पाडायची हे तो ठरवतो. गाडीत असे आणखी खोके असतात. ब्रेकचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, स्टिअरिंगचा वेगळा, समोरच्या मीटरचा वेगळा. सगळे दोन बारीक तारांवरून एकमेकांशी अखंड बोलत असतात. इंजिनाकडून ठरावीक वेळात काही ऐकू आलं नाही, की ब्रेकचा खोका आपल्या नोंदवहीत लिहून ठेवतो : यू ०१००.

आता नीट बघा. ही तक्रार इंजिनाच्या खोक्याने लिहिलेली नसते. ती त्याच्या शेजाऱ्याने लिहिलेली असते. जो मुका झाला तो आपण मुके झालो हे कसं सांगणार? आणि शेजाऱ्याला तरी काय ठाऊक? इतकंच, की आवाज येत नाही. पलीकडचा मेला, झोपला, उपाशी आहे, की मधला रस्ता तुटला, हे त्याला कळायला मार्ग नाही. तरीही ‘संपर्क तुटला’ हे वाचून ‘खोका गेला’ असं निदान रोज कुठे ना कुठे केलं जातं आणि गिऱ्हाइकाच्या हातात हजारो रुपयांचा अंदाजपत्रकाचा कागद पडतो. शांततेचा अर्थ कसा लावायचा, हा यातला खरा प्रश्न आहे. हा प्रश्न आपल्या देशात पहिल्यांदा पडला तो कोलकात्यात, आणि त्याचं शिस्तशीर उत्तरही याच शहरातल्या तारखात्याने लिहून काढलं.

विल्यम ओशॉनेसी हा आयरिश डॉक्टर कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. माणूस उचापती. गांजाचे औषधी गुण तपासून युरोपच्या वैद्यकाला त्याची ओळख करून देणारा तो हाच. १८३९ मध्ये त्याने शिवपूरच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बांबू रोवले आणि त्यांच्यावर लोखंडी तार पुढे-मागे, पुढे-मागे अशी वीसेक मैल लांबीची फिरवली. पलीकडून आलेला संदेश ओळखायला तेव्हा त्याच्याकडे धड यंत्र नव्हतं. तारेचं टोक बोटांशी धरायचं आणि विजेचे झटके मोजायचे! परतीच्या तारेऐवजी नदीचं पाणी वापरता येतं का, हेही त्याने करून पाहिलं. सरकारला मात्र त्यात रस वाटला नाही. दहा-बारा वर्षं प्रकरण तसंच पडून राहिलं.

मग डलहौसी आला आणि १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर ही पहिली खरी तार उभी राहिली. डायमंड हार्बर का, तर समुद्रातून येणाऱ्या जहाजांची खबर आधी तिथे लागते. व्यापाऱ्यांना आणि सरकारला ती खबर हवी होती. या कामात ओशॉनेसीचा उजवा हात होता शिवचंद्र नंदी. टाकसाळीतला हा बंगाली कारकून विजेच्या शास्त्राचं कसलंही रीतसर शिक्षण न घेता हे काम शिकला आणि पुढे शेकडो मैल तारा उभारून गेला. पद्मेच्या विशाल पात्रातून तार नेताना त्याने आगबोटीची वाट न पाहता कोळ्यांच्या होड्यांवर काम भागवलं. आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत डलहौसीच्या नावावर रेल्वे, पोस्ट आणि तार लिहिलेली असते. नंदीचं नाव नसतं. असो.

ओशॉनेसीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्याने डायमंड हार्बरला बारीक तार वापरलीच नाही. बोटाएवढ्या जाडीच्या लोखंडी कांब्या एकाला एक जोडून नेल्या. कारण माकडं लोंबकळणार, घारी-कावळे बसणार, बंगालची वादळं येणार. आणि दमट हवेत वीज गळून गेली तरी जाड लोखंडातून पलीकडे थोडी पोहोचेल. म्हणजे पहिल्या दिवसापासून इथल्या तारेचे शत्रू तीन : तुटणं, गळणं आणि पाणी. हे तीन शब्द लक्षात ठेवा. बॉनेटखाली ते पुन्हा भेटणार आहेत.

१८५४च्या मार्चमध्ये कोलकाता-आग्रा तार सुरू झाली. पुढल्या वर्षी फेब्रुवारीत ती पैसे भरणाऱ्या कुणालाही खुली झाली. मुंबई, मद्रास, लाहोरकडे फाटे फुटले. मधल्या प्रत्येक ठाण्यावर चार-दोन माणसं आणि एखादं यंत्र. अशाच एका ठाण्यावर, दिल्लीच्या काश्मिरी दरवाज्याबाहेर, संपर्क तुटल्याचं एक निदान झालं. मला ते या विषयातलं सर्वांत शुद्ध उदाहरण वाटतं.

१० मे १८५७, रविवार. दिल्लीच्या तारघरात चार्ल्स टॉड हा प्रमुख आणि ब्रेंडिश व पिल्किंग्टन हे त्याच्या हाताखालचे दोघे तरुण. रविवारी कचेरी सकाळी काही तास चाले आणि दुपारी पुन्हा उघडे. सकाळी मेरठशी बोलणं झालं होतं. दुपारी कचेरी उघडली तेव्हा मेरठ गप्प. आता मेरठच्या वाटेवर यमुना होती आणि नदीच्या तळातून एक केबल गेलेली होती. अशी केबल कुजते, तिच्यात पाणी शिरतं. तेव्हा पहिला संशय तिच्यावर येणं साहजिक होतं. पण टॉडने संशयावर काम केलं नाही. त्याने दोघा पोरांना नदीपलीकडे, जिथे केबल पाण्यातून वर येते त्या ठिकाणी यंत्र घेऊन पाठवलं. तिथून त्यांनी मागे दिल्लीला हाक मारली. दिल्लीने उत्तर दिलं. मग पुढे मेरठला हाक मारली. उत्तर नाही. झालं! केबल चांगली, दिल्लीचं यंत्र चांगलं, तार तुटली ती नदीच्या पलीकडे, मेरठच्या बाजूला. एका फेरीत अर्धा रस्ता निर्दोष ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉड स्वतः बिघाड शोधायला निघाला आणि मेरठहून आलेल्या घोडेस्वारांच्या हाती सापडून मारला गेला. ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन यांनी पळण्याआधी अंबाल्याला तार केली आणि तिथून पंजाब सावध झाला. इंग्रजांनी त्याबद्दल दिल्लीत स्मारक उभारलं. त्यांच्या दृष्टीने त्या शेवटच्या संदेशाला मोल होतं आणि आपल्या बाजूने पाहिलं तर त्याच संदेशाने घात केला. तो वाद आजचा नाही. मला त्यातली आदल्या संध्याकाळची फेरी महत्त्वाची वाटते. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या पलीकडे जा आणि दोन्ही बाजूंना हाक मारून बघा. कोण उत्तर देतं यावरून तुटलेली जागा कळते.

पण प्रत्येक वेळी माणूस पाठवायचा म्हणजे दिवस जातात. आसामच्या जंगलात बिघाड झाला तर कोलकात्यातून कोण कुठवर चालत जाणार? जागेवर बसून, तारेच्या एकाच टोकावरून, बिघाड किती मैलांवर आहे हे सांगता आलं पाहिजे. हे काम इथे पद्धतीने बसवणारा माणूस म्हणजे लुई श्वेंडलर, भारतीय तारखात्यात आलेला जर्मन वीजतज्ज्ञ. तारांची चाचणी कशी घ्यायची यावर त्याने दोन भागांचं जाडजूड पुस्तक लिहिलं, ते १८७८ ते १८८०च्या सुमारास. एकाच तारेवरून एकाच वेळी दोन संदेश दोन दिशांना कसे न्यायचे, याचं गणित त्याने एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं. आणि हो, अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात तुम्ही मुलांना घेऊन गेला असाल, तर त्याची सुरुवात याच गृहस्थाने स्वतः पाळलेल्या प्राण्यांपासून झाली. १८७६ साली ते उघडलं. दिवसा तारा मोजणारा हा माणूस घरी काय काय पाळत होता कोण जाणे.

श्वेंडलरच्या काळातल्या तारखात्याने बिघाडाचे तीन प्रकार धरले. तार तुटली, म्हणजे वीज पुढे जातच नाही. तार जमिनीला लागली, म्हणजे वीज वाटेतच गळते. किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या, म्हणजे एकीचं बोलणं दुसरीत मिसळतं. तिन्हींत पलीकडचा माणूस गप्पच वाटतो, पण मोजमाप घेतलं की तिघींचे आकडे वेगळे येतात. लोखंडी तारेचा दर मैलाला ठरावीक विरोध असतो. पलीकडच्या ठाण्याला दोन तारांची टोकं जोडायला सांगायचं, इकडून त्या जोडीचा विरोध मोजायचा आणि तराजूसारख्या एका मांडणीने गळतीची जागा काढायची. व्हीटस्टन ब्रिज म्हणून कॉलेजात आपण जे शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो, ते हेच. तिथे ते मार्कांसाठी होतं, इथे लाइनमनला कोणत्या खांबाकडे पाठवायचं हे त्यावर ठरायचं.

या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र गणिताची नाही, सवयीची आहे. तार चांगली चालत असताना तिची मोजणी करून ठेवायची. कोरड्या दिवसाचा आकडा, पावसाळी दिवसाचा आकडा. कारण बंगालच्या पावसाळ्यात चांगली तारसुद्धा गळते. तिचा निरोगी आकडा ठाऊक नसेल तर आजारी आकडा ओळखणार कसा? ताप आहे हे कळायला अंगाची नेहमीची ऊब माहीत लागते.

माझं आयुष्य सिग्नल्समध्ये गेलं. आमची कोअर उभी राहिली १९११ साली, पण आमच्या लाइनमनच्या तोंडची भाषा त्याच्याही आधीची. फील्ड केबल गप्प झाली की हवालदार विचारायचा, ‘डिस, अर्थ की कॉन्टॅक्ट?’ म्हणजे तुटली, गळली की चिकटली. हे तीन शब्द तो शिकला होता आपल्या उस्तादाकडून, उस्ताद त्याच्या उस्तादाकडून, आणि धागा मागे मागे तारखात्यापर्यंत जातो. माझ्या तुकडीत साताऱ्याकडचा एक हवालदार होता. रात्री, पावसात, डोंगरउतारावर केबल शोधताना तो कधी टोकापासून सुरुवात करायचा नाही. थेट मध्यावर जायचा, तिथे टेलिफोन जोडायचा आणि दोन्हीकडे हाक मारायचा. टॉडचं नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं.

आता मोटारीकडे येऊ. कोलकात्याची मोटार म्हणजे अँबॅसडर. शहरापासून थोड्या अंतरावर उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात ती १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बनत होती. जुन्या अँबॅसडरमध्ये कुणी कुणाशी बोलतच नव्हतं, तर संपर्क तुटणार कुठून? पेट्रोलच्या गाडीत कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर आणि पॉइंट. बिघाड झाला तर नाकाला वास यायचा, कानाला खोड कळायची. फोर्ट विल्यममध्ये नेमणुकीवर असताना आमचा ड्रायव्हर बॉनेटवर तळवा ठेवून सांगायचा, ‘साब, पॉइंट जल गया.’

अशा गाड्यांची कारागिरी ज्या बाजारात फुलली तो मल्लिकबाजार, सुट्या भागांचा आणि मिस्त्र्यांचा. तो ज्या रस्त्यावर आहे त्याचं आजचं नाव आचार्य जगदीशचंद्र बोस रोड, जुनं नाव लोअर सर्क्युलर रोड. मराठी माणसाने हे नाव ऐकून मिशीतल्या मिशीत हसायला हरकत नाही. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, ‘मराठा डिच’. काम अर्धंच झालं, मराठे काही आले नाहीत, पुढे खंदक बुजवला आणि त्याच्या आखणीच्या अनुषंगाने सर्क्युलर रोड झाला. बंगालच्या खेड्यांनी मात्र त्याच स्वाऱ्यांत जे सोसलं ते हसण्यासारखं नाही, हेही सांगून टाकतो.

या मिस्त्र्यांच्या हातातली विद्या धुराच्या नियमांनी जुनी केली. भारत स्टेज दोन कोलकात्यात आलं २००१ मध्ये. भारत स्टेज चार आलं एप्रिल २०१० मध्ये, तेरा शहरांत एकदम. त्यात कोलकाता होतं आणि आपलं पुणे-सोलापूरही. धूर इतका मोजून सोडायचा तर इंधन मोजून द्यायला हवं, आणि ते कान आणि तळव्याच्या अंदाजाने होत नाही, खोका लागतो. पाठोपाठ गाडीने स्वतःच्या बिघाडाची नोंद स्वतः ठेवावी हा नियम आला आणि एप्रिल २०१३ पासून त्याचा दुसरा, कडक टप्पा. त्याच २०१३च्या जुलैत सरकारी तारसेवा बंद झाली. पुढल्या वर्षी मे महिन्यात उत्तरपाड्याचा कारखाना थांबला. माणसांची तार संपली आणि गाडीच्या पोटातल्या तारेचं राज्य पक्कं झालं, ते एकाच वर्षाच्या मागेपुढे.

त्या पोटातल्या तारेला कॅन म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे मांडली. प्रत्येक खोक्याकडून प्रत्येक खोक्याकडे वेगळी वायर नेली तर गाडी वायरींनीच भरून जाईल, म्हणून एकमेकींभोवती पिळलेल्या दोनच वायरी आणि सगळे त्याच चावडीवर बोलणार. दोन्ही वायरी विश्रांतीला अडीच व्होल्टवर असतात. बोलायचं झालं की एक साडेतीनवर जाते, दुसरी दीडवर येते. ऐकणारा फक्त दोघींतला फरक बघतो. त्यामुळे बाहेरून गोंगाट आला तरी तो दोघींवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. या जोडीच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओमचा एकेक विरोध बसवलेला असतो, नाही तर संदेश टोकावर आपटून प्रतिध्वनीसारखा परत फिरेल.

इथे श्वेंडलर पुन्हा भेटतो. बॅटरीची तार काढा, स्टिअरिंगखालच्या निदानाच्या सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवर साधं मल्टिमीटर लावा. दोन १२० समांतर, म्हणजे ६० ओम दिसायला हवेत. ६० दिसले तर जोडी दोन्ही टोकांपर्यंत शाबूत. १२० दिसले तर एक टोक हरवलं : डिस. शून्याच्या जवळ आलं तर दोघी कुठे तरी एकमेकींना चिकटल्या : कॉन्टॅक्ट. आणि पुष्कळ गाड्यांत एका टोकाचा १२० हा खुद्द इंजिनाच्या खोक्याच्या आत बसवलेला असतो. अशा गाडीत सॉकेटपाशी बसून ६० वाचणं म्हणजे हाक थेट मुक्या खोक्याच्या दारापर्यंत पोहोचली हे वाचणं. काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतली तार यांच्यामध्ये दारवानासारखा आणखी एक खोका असतो. तिथे हे मोजमाप दाराच्या आत जाऊन घ्यावं लागतं.

गेल्या काही पावसाळ्यांपैकी एकातली गोष्ट. कोलकात्याचा उतार नदीकडे नाही, उलट पूर्वेच्या खाजणाकडे आहे. जोराचा पाऊस आणि हुगळीची भरती एकत्र आली की उत्तर आणि मध्य कोलकात्यातले रस्ते तासन्‌तास पाण्याखाली राहतात. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षकांची गाडी अशा पाण्यातून घरी आली. दोन दिवसांनी सुरू होईना. स्टार्टर फिरे, इंजिन पेट घेईना. ती एका कार्यशाळेत ओढून नेली. स्कॅनर लावला, यू ०१०० आला, आणि संध्याकाळी अंदाजपत्रक आलं : इंजिन मॉड्यूल बदलणे, चाळीस हजारांच्या वर. दादा कागद घेऊन माझ्याकडे आले. शिक्षकाच्या पेन्शनीत तो आकडा किती मोठा असतो ते मला सांगायला नको होतं.

मी त्यांना मल्लिकबाजारातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेलं. मूळचे बिहारचे, चाळीस वर्षं याच गल्लीत. अँबॅसडरच्या पॉइंटपासून सुरुवात केलेली आणि आता खिशात मल्टिमीटर. त्यांनी गाडी आमच्या आवारात येऊन पाहिली. आधी स्कॅनरने सगळ्यांना हाक मारली. ब्रेक बोलला, एअरबॅग बोलली, मीटर बोललं. एकटं इंजिन गप्प. म्हणजे चावडी शाबूत आहे, एकच घर बंद आहे. मग बॅटरी सोडवून ओम मोजले : ६०च्या आसपास. रस्ता त्या घराच्या दारापर्यंत शाबूत. ‘अब देखेंगे घर में राशन है कि नहीं,’ असं म्हणून ते बॉनेटकडे वळले.

राशन म्हणजे वीज. खोक्याला बारा व्होल्ट यायला हवेत आणि ते परत जायला चांगला अर्थ हवा. बॅटरी जोडून फ्यूज पाहिला, ठीक. मुख्य रिले काढून दुसरा लावून पाहिला, ठीक. कपलरवर बारा व्होल्ट हजर. मग अर्थ. मीटरने अर्थाच्या वायरीची नुसती सलगता तपासली तर मीटर टुक् करून वाजलं. म्हणजे वायर जोडलेली आहे. इथेच बरेच जण फसतात. वायरीच्या आतल्या बारीक धाग्यांपैकी एक जरी धड असला तरी मीटर वाजतं, कारण मीटर तिच्यातून कणभर वीज सोडतं. खोक्याला मात्र भरघोस लागते. मिस्त्रींनी इंडिकेटरचा एकवीस वॅटचा दिवा घेतला, एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरं खोक्याच्या अर्थाच्या वायरीला लावलं. दिवा काजव्यासारखा मिणमिणला. तेवढ्यात त्यांनी त्या वायरीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मीटर धरलं : साडेतीन व्होल्ट. तिथे दशांश व्होल्टही दिसायला नको. बाराच्या राशनपैकी साडेतीन वाटेतच कुणी तरी खात होतं.

वायरीमागे हात फिरवत ते बॅटरीच्या ट्रेखाली पोहोचले. तिथे गाडीच्या अंगाला स्क्रूने आवळलेलं अर्थाचं थिंबल होतं, त्यावर हिरवी बुरशी धरावी तसा तांब्याचा गंज. पावसाचं पाणी त्या खोलगटात साचून राहिलेलं. पाणी तांब्याच्या धाग्यांच्या मधून वातीतल्या तेलासारखं वर चढतं, म्हणून त्यांनी वायर चार बोटं मागे, चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापली, नवं थिंबल दाबून बसवलं, पत्रा घासून काढला आणि वर ग्रीस लावलं. चावी फिरवली. इंजिन पेटलं. स्कॅनरवर मुका खोका बोलू लागला, आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या तक्रारी पुसून टाकल्या. मजुरी काही शे रुपये. दादांनी दुप्पट देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. चहा मात्र दोनदा घेतला.

प्रत्येक मुका खोका अर्थामुळेच मुका होतो असं नाही. कधी क्रँक सेन्सरसारखा एखादा सेन्सर आतून चिकटतो आणि खोक्याने सगळ्या सेन्सरांना वाटायची पाच व्होल्टची वीज एकटाच गिळून टाकतो. खोका घेरी आल्यासारखा गप्प होतो. सेन्सरांची कपलरं एकेक करून काढत गेलं की चोर सापडतो, कारण तो सुटला की खोका बोलतो. कधी बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा ट्रॅकर चुकीच्या वायरीला टोचलेला असतो. कधी गाडी छान चालत असते आणि फक्त स्कॅनरला उत्तर मिळत नाही. तिथे तर खोका जिवंत आहे हे इंजिनच ओरडून सांगतंय, संशय घ्यायचा तो स्कॅनरवर किंवा मधल्या वायरीवर. खोका खरोखर मरतोही : पाण्यात बुडून, उलटी बॅटरी लावल्याने, वेल्डिंग करताना वायर न सोडवल्याने. पण त्याच्यावर शिक्का मारायचा तो बाकीच्यांना एकेक करून निर्दोष ठरवल्यावर. नवा खोका नुसता लावून भागतही नाही. त्यात त्या गाडीची माहिती भरावी लागते, चोरीरोधक कुलपाशी त्याची ओळख करून द्यावी लागते. आणि जुना अर्थ तसाच कुजका राहिला तर नवा खोकाही काही दिवसांत मुका होतो.

कार्यशाळेतल्या पोरांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांना संध्याकाळपर्यंत गाड्यांची ठरलेली संख्या पुरी करायची असते, आणि खोका बदलला की निदान न करताही बिल होतं. वायर शोधायला दोन तास लागले तर त्या दोन तासांचे पैसे कुणी लावून देत नाही. तारखात्यात उलटं होतं. तिथे नवा खांब आसामात पाठवणं महाग आणि कोलकात्यात बसून मोजणं स्वस्त, म्हणून मोजायची विद्या वाढली.

निघताना मी मिस्त्रींना विचारलं, गंज नसता आणि दिवा अर्धवटच पेटला असता तर काय केलं असतं? त्यांनी पिशवीतून एक शाळकरी वही काढली. पुठ्ठा सुटलेला, पानांवर तेलाचे ठसे. आत गाड्यांची नावं, कुठली हिंदीत, कुठली बांगलात, आणि प्रत्येकापुढे आकड्यांच्या रांगा. चालू, धडधाकट गाड्यांचे आकडे. सर्व्हिसिंगला आलेल्या प्रत्येक नव्या मॉडेलवर ते फुकटात दहा मिनिटं मीटर लावतात आणि लिहून ठेवतात : सहा-चौदाचे ओम, अर्थावरचे व्होल्ट, पाच व्होल्टची तार. पावसाळ्यातले आकडे त्यांनी वेगळ्या शाईने लिहिले होते.